कासवांच्या आधीचं वेळास

सड्यावरची

वेळास म्हटलं की कासव, हे समीकरण आता पक्कं झालंय. फेब्रुवारी संपता संपता पुण्या-मुंबईच्या गाड्या मंडणगडचा घाट उतरायला लागतात. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी पिल्लं समुद्रात जाताना बघायची, मोदक खायचे, दुपारी परत. हे व्हायलाच हवं, त्यामुळे गावात चार पैसे आले. पण वर्षाचे उरलेले नऊ-दहा महिने आणि त्यामागची तीनशे वर्षं या गावानं काय केलं, हे कुणी विचारत नाही. माझं आजोळ या भागातलं आहे, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. रत्नागिरी जिल्ह्याचं हे अगदी उत्तरेकडचं टोक. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड करत इथे समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला हरिहरेश्वर आणि बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. दक्षिणेला वेश्वी आणि बाणकोट. बाणकोटहून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला निघालं, की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे डोंगर अशा अरुंद रस्त्यानं जेमतेम पाच किलोमीटरवर वेळास येतं.

गाव समुद्रावर नाही, हे पहिल्यांदा येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोन डोंगरांच्या बेचक्यात, माडा-पोफळींच्या आत गाव दडलेलं आहे. गावातून निघालं की वाडी संपते, मग खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) आणि कांदळवन, मग सुरूचं बन, आणि त्यापुढे वाळू. हा मधला पट्टा गावाला वाऱ्यापासून वाचवतो आणि किनारा अंधारा ठेवतो. कासवाच्या मादीला रात्री अंधारा किनारा लागतो. घरं थेट वाळूवर असती, तर दिव्यांमुळे ती केव्हाच यायची थांबली असती. जुन्या लोकांनी समुद्राला पाठ देऊन, डोंगराच्या कुशीत, गोड्या पाण्याजवळ घरं बांधली. ती स्वतःच्या सोयीसाठी होती, पण कासवांचा अधिवास त्यामुळे टिकला.

वर डोंगरावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जांभ्यातून झिरपून, वाहून निघून जातो. म्हणून जुलैमध्ये घरात शिरणारं पाणी एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाला जाऊन शोधावं लागतं. आगराला, म्हणजे माडा-पोफळींच्या वाडीला, शिपणं ही इथल्या माणसाची उन्हाळ्यातली मोठी काळजी. पंप आले, तरी पाण्याच्या पाळ्या आणि पाटाच्या वाटण्या यांवरून होणारे वाद आणि समझोते तसेच आहेत.

इतिहास, बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीस यांवर लिहायचं आहे, पण तो भाग माझ्याहून जाणकारांनी लिहावा.

*

नवखी

छान सुरुवात. गेल्या वर्षी दोन दिवस जाऊन आले. आम्ही एका घरात राहिलो होतो. काकूंनी सकाळी आंबोळ्या, दुपारी कुळथाचं पिठलं, रात्री मोदक असं वाढलं. नाना फडणवीसांच्या स्मारकाची पाटी दिसली, पण आत जायला वेळ झाला नाही. त्यांचा आणि वेळासचा संबंध नेमका काय?

*

दर्यावर्दी

नवखी, संबंध मूळ गावाचा आहे. नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा, निधन १३ मार्च १८०० रोजी पुण्यात. पण भानूंचं घराणं वेळासचं. गावात त्यांच्या घराच्या जागी स्मारक आहे.

हे घराणं देशावर कसं गेलं, ते समजून घेतलं तर या खाडीचं महत्त्व कळतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस सावित्रीच्या उत्तरेला जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे. बाळाजी विश्वनाथ भटांवर सिद्दीची वक्रदृष्टी झाली, तेव्हा ते खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या आश्रयाला आले. पुढचे तपशील बखरींमध्ये वेगवेगळे आहेत. सिद्दीच्या माणसांनी बाळाजीपंतांना पकडून अंजनवेलला ठेवलं आणि भानू बंधूंनी खटपट करून सोडवलं, असं परंपरा सांगते. एवढं नक्की, की हरी महादेव, बाळाजी महादेव आणि रामाजी महादेव या तिघा भानू भावांनी स्वतःचं गाव सोडून त्यांच्यासोबत घाट चढला. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. नानांचे आजोबा ते बाळाजी महादेव.

आज नाना म्हटलं की लोक वाईजवळच्या मेणवलीचा वाडा बघायला जातात. तो बघावाच. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्याचा हिशेब आणि राजकारण ज्या माणसानं सांभाळलं, त्याच्या घराण्याची सुरुवात या पोफळीच्या आगरात झाली. श्रीवर्धन आणि वेळास एकमेकांपासून किती जवळ आहेत बघा. मध्ये एक खाडी, तीच दोन राज्यांची हद्द. हद्द ओलांडली की माणूस सुटत होता, निदान काही दिवस तरी.

गावातलं भैरी-रामेश्वराचं देऊळही बघा. जीर्णोद्धाराचं श्रेय नानांना दिलं जातं. उतरतं छप्पर, लाकडी खांब, दगडी चौथरा असं जुन्या कोकणी पद्धतीचं ते देऊळ आहे. नवखी, पुढच्या वेळी स्मारकाला आणि देवळाला मिळून एक सकाळ ठेवा. दोन्ही गावातच आहेत.

*

पलीकडचा

मी हरिहरेश्वरच्या बाजूचा, म्हणून हे नाव घेतलंय. दर्यावर्दींनी हद्दीचं म्हटलं, ते १९४८ पर्यंत खरं होतं. जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत आमच्याकडे नवाबाचा अंमल आणि पलीकडे इंग्रजी मुलूख. माझ्या आजोबांच्या पिढीला खाडी ओलांडणं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं होतं. पण सोयरिकी, देवदेव, मासळी आणि सुपारीचा व्यवहार यांना हद्द कधी आडवी आली नाही. आमच्या आळीतल्या निम्म्या आज्यांची माहेरं पलीकडची.

आता बागमांडला-वेश्वी फेरीबोटीत गाडी घातली की काही मिनिटांत पलीकडे. फेरी नव्हती तेव्हा गाडीनं जायचं तर आंबेतला पूल गाठायला मोठा वळसा पडायचा. माणसं होडीनं जायची. वारा असला की नावाडी सरळ नकार द्यायचा आणि त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. भरतीच्या तोंडाला सावित्रीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांवर चढतं, तिथे नवख्याचं काम नाही.

*

दर्यावर्दी

त्या पाण्याची एक दुःखद खूण बाणकोटला आहे. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ साली खाडीच्या मुखाशी बोट बुडून गेल्या. महाबळेश्वरचा आर्थर सीट पॉइंट त्याच मॅलेटच्या नावाचा. तिथून खाली दिसतं ते सावित्रीचं खोरं. ज्या नदीच्या मुखाशी घरची माणसं गेली, तिच्याच उगमाजवळ तो जाऊन बसे, असं सांगतात.

बाणकोट किल्ल्याबद्दल थोडं. आंग्र्यांच्या काळात तो हिम्मतगड. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं आधी सुवर्णदुर्ग आणि मग लगेच बाणकोट घेतला. पुढच्या वर्षी, १७५६ च्या तहात, विजयदुर्ग पेशव्यांकडे राहिला आणि त्याच्या बदल्यात बाणकोट आणि आसपासची काही गावं इंग्रजांना मिळाली. त्यांनी किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९ चा, म्हणजे नाव तिच्यावरून नाही. वसई, ठाणे, रत्नागिरी अजून मराठ्यांकडे असताना या खाडीच्या तोंडाशी इंग्रजांचं निशाण होतं, हे लक्षात घ्या. पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणाचं पहिलं ठाणंही बाणकोटलाच बसलं. पुढे काही वर्षांत ते रत्नागिरीला हललं आणि बाणकोट मागे पडलं.

त्याआधीचं बोलायचं तर ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातलं मंदगोर बंदर म्हणजे हाच भाग, असं काही अभ्यासकांचं मत आहे. नदीच्या वरच्या अंगाला महाड, तिथे गांधारपाल्याची लेणी, आणि खाली हे मुख. माल नावेनं महाडपर्यंत आणि तिथून बैलांवर घाट चढून देशावर, असा हा मार्ग दीड-दोन हजार वर्षं चालला असणार.

*

मास्तर_मंडणगड

इतिहासाची चर्चा चालली आहे तर आमच्या तालुक्यातल्या आणखी एका गावाचं नाव इथे यायलाच हवं. आंबडवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचा जन्म महूचा, पण घराणं इथलं. आजोबा मालोजी सकपाळ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, वडील रामजी सुभेदार.

याचा बाणकोटशी संबंध आहे. इंग्रजांना बाणकोट हवं होतं ते बंदरासाठी, मुंबईला लागणाऱ्या धान्य-जनावरांच्या पुरवठ्यासाठी आणि फौजेच्या भरतीसाठीही. या पट्ट्यातले महार तरुण मुंबईच्या फौजेत मोठ्या संख्येनं गेले. गावात ज्यांना पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांना पलटणीत गणवेश मिळाला, पगार मिळाला आणि मुलांसाठी पलटणीची शाळा मिळाली. १८९० च्या दशकात ही भरती बंद केली गेली, तेव्हा या भागातल्या किती घरांवर घाव पडला असेल, याचा विचार आमच्या शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना करायला लावतो.

एकाच तालुक्यातून एक घराणं पुण्याच्या फडावर गेलं आणि एक पलटणीत गेलं. दोघांनी पुढे देशाच्या इतिहासावर ठसा उमटवला. वेळासला येणाऱ्यांनी आंबडव्यालाही जावं. तिथे जाण्यासाठी एप्रिल यायची वाट बघायची गरज नाही.

*

सड्यावरची

मास्तर, मनापासून आभार. हे मला मूळ लेखातच घ्यायला हवं असं वाटतंय. संपादकांना विचारून वर जोडते.

*

लालबागकर

बाळांनो, मी सत्तरी ओलांडलेला चाकरमानी. वेळास नाही, पण बाणकोट खाडीच्याच एका वाडीतला. इतिहास तुम्ही लिहिताय तो चांगलाच आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं लिहितो.

आमच्या गावांचा अर्धा जीव मुंबईत असायचा. लालबाग-परळला गावकीची खोली होती. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे झोपायला जागा मिळायची. ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवायला खाणावळ. खोलीचा हिशेब एकानं ठेवायचा आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचा. नवा पोरगा गावाहून आला की त्याला गिरणीत चिकटवण्याची जबाबदारी खोलीची. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तरी खोलीच बघायची. गावच्या देवळाची कौलं बदलायची, शाळेला पत्रे घालायचे, तर वर्गणी याच खोलीतून जायची.

गावाला बायका शेत, आगर, गुरं आणि सासू-सासरे एकहाती सांभाळायच्या आणि मनिऑर्डरीची वाट बघायच्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती मनिऑर्डर थांबली. त्या वर्षी किती जण ट्रंक उचलून गावी परत आले, ते मी बघितलंय. नाचणी, वरी आणि थोडा भात यांवर ती वर्षं निघाली. गाव कर्त्या पुरुषांनी भरलं होतं आणि कुणाच्या हाताला काम नव्हतं.

प्रवासाचंही सांगतो. एसटी नीट यायच्या आधी आमची वडील माणसं बोटीनं यायची. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट बाणकोटसमोर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, पोरं उतरवायची. पावसाळ्यात बोट बंद. त्यामुळे ज्येष्ठात गेलेला माणूस गणपतीला यायचा तो डोंगरवाटांनी चालत.

शिमग्याला मात्र मालकानं रजा दिली नाही तर नोकरी सोडून येणारे होते. पालखी प्रत्येक घरात येते आमच्याकडे. ग्रामदेवता स्वतः उंबऱ्याला येते, तेव्हा घर उघडं हवं, दिवा लागलेला हवा. मुंबईत चार खोल्यांचा फ्लॅट असला तरी त्या दिवशी कुलूप काढायला कुणीतरी जातंच. पालखी कुठून निघणार, आधी कुठल्या मानकऱ्याकडे, मग कुठल्या वाडीत, हे सगळं गावकी बसून ठरवते. भांडणं होतात, रात्र रात्र चालतात. पण पालखी थांबत नाही.

*

पाऊसपाणी

लालबागकर काका, अजून लिहा. खोलीबद्दल तर वेगळा धागाच काढा.

मला एक शंका आहे, जरा स्पष्टच विचारतो. कासव महोत्सवाची भलामण सगळे करतात. पण शेकडो माणसं दोरीच्या मागे मोबाइल घेऊन उभी, पोरं ओरडताहेत, गाड्या गल्ल्यांत अडकल्यात. हे संवर्धन की जत्रा? आणि अंडी उचलून जाळीच्या आत पुरणं हे तरी नैसर्गिक आहे का? जागेवरच का ठेवत नाहीत?

*

शिंपला

पाऊसपाणी, प्रश्न रास्त आहेत. सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, दोन हंगाम रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर काम केलं आहे. जरा सविस्तर लिहिते.

इथे येणारं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा फूट-दीड फूट खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं थोपटते आणि परत जाते. नंतर ती घरट्याकडे फिरकत नाही. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळूचं तापमान जास्त असेल तर माद्या अधिक, कमी असेल तर नर अधिक. ओडिशात लाखोंनी एकदम येतात तसं इथे होत नाही, आपल्याकडे त्या एकेकट्या येतात. त्यामुळे प्रत्येक घरटं मोलाचं.

आता २००२ च्या आधी काय होत होतं? बहुतेक घरटी उकरली जायची. कोल्हे आणि कुत्रे उकरायचेच, पण माणसंही काठी खुपसून, वाळू पोकळ लागली की अंडी काढून न्यायची. खायला, विकायला. त्या वर्षी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत इथे आले असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांच्या खुणा मिळाल्या. तिथून काम सुरू झालं. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे धाक दाखवून, गुन्हे नोंदवूनही काम करता आलं असतं. त्याऐवजी संस्थेनं गावाशी बोलणं सुरू केलं. अंडी काढणाऱ्यांनाच माग ओळखता येत होता, घरटं कुठे असेल ते सांगता येत होतं. त्यातलेच काही जण पुढे राखणदार झाले. आज त्यांना सगळे कासवमित्र म्हणतात. पुढे वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठानही यात उतरलं.

जागेवर का ठेवत नाहीत? किनारा कित्येक किलोमीटर पसरलेला असताना प्रत्येक घरट्यापाशी रात्रभर माणूस बसवता येत नाही, आणि भरतीरेषेजवळची घरटी पाण्यात जातात. म्हणून कासवमित्र पहाटे माग काढतात, लवकरात लवकर, अंडी न फिरवता, हिसके न देता, जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, त्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. तारखेची पाटी लावतात. दिवस भरत आले की वर टोपली उपडी घालतात. सकाळी-संध्याकाळी टोपल्या उचलून बघायच्या, पिल्लं आली असतील तर पाण्यापासून थोडी दूर सोडायची आणि त्यांना स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचं. आदर्श पद्धत जागेवर राखण्याचीच, हे मान्य. पण पर्याय उकरलेल्या खड्ड्याचा असेल, तर हॅचरी हवीच.

हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणून जितकी समुद्रात पोचतील तितकी पोचायला हवीत. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला एका मादीला उपग्रह टॅग लावला, तिचं नाव प्रथमा ठेवलं. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असा टॅग लावण्याची ती पहिलीच वेळ. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं एकमेकांपासून तुटलेली नाहीत. हे कळलं ते रात्री किनाऱ्यावर चालणाऱ्या माणसांमुळे.

गर्दीबद्दल तुमच्याशी सहमत. फ्लॅश, टॉर्च, पिल्लाला हात लावणं, सगळं पूर्ण बंद हवं. सोडण्याच्या वेळी कासवमित्र ओरडून सांगत असतात. लोकांनी एकदा ऐकावं.

*

नवखी

शिंपला, सुरेख माहिती. आम्ही होतो तेव्हा टोपली उचलली तर खाली फक्त वाळू होती. दोन्ही वेळा. मुलगा रडला. तिथल्या कासवमित्र दादांनी त्याला जवळ घेऊन किनाऱ्यावरची सगळी पावलं ओळखायला शिकवली, कोल्ह्याची, खेकड्याची, पक्ष्यांची. परत येताना त्याच्या तोंडी तेच होतं.

*

सड्यावरची

पाऊसपाणींच्या ‘जत्रा’ या शब्दावर मला थोडं बोलायचंय.

वेळासला हॉटेल उभं न राहता घराघरांत पाहुणे उतरायला लागले, याचं कारण फक्त संस्थेची योजना नाही. घर उघडं ठेवायची सवय आधीपासून होती. काकांनी पालखीचं लिहिलं, खोलीच्या हिशेबाचं लिहिलं, तीच ही गोष्ट. कुठल्या घरात किती माणसं, ताट काय भावानं, यंदा कुणाकडे पाहुणे कमी गेले, हे बसून ठरवायची रीत गावाला नवी नव्हती. महोत्सवानं तिला नवं काम दिलं.

आणि पैसा बायकांच्या हातात आला. हे मी फार महत्त्वाचं मानते. मनिऑर्डरीची वाट बघणाऱ्या आजीची नात आज स्वतःच्या स्वयंपाकघरातून कमावते. घरात शौचालय बांधलं, पडवीवर खोली काढली, पोरीला शिकायला दापोलीला ठेवलं. मी हे नात्यातल्या घरांत बघितलं आहे.

पण तो पैसा किती कच्च्या पायावर उभा आहे, ते २०२० ला दिसलं. मार्चमध्ये टाळेबंदी, म्हणजे भर हंगामात पाहुणे बंद. आणि ३ जूनला निसर्ग वादळ. श्रीवर्धनच्या आसपास ते जमिनीवर आलं आणि खाडीच्या दोन्ही काठांवरच्या वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळी काडीसारख्या मोडल्या. माड मुळासकट पडले. कौलं, पत्रे उडाले आणि त्यावर लगेच मृगाचा पाऊस. वीज कित्येक दिवस नव्हती, फोन नव्हते. मुंबईची माणसं आपल्या माणसांची खबर मिळावी म्हणून तळमळत होती आणि साथीमुळे निघता येत नव्हतं.

पैशांत नुकसानभरपाई मोजता येते. पण पोफळ लावली तर उत्पन्न सुरू व्हायला सहा-आठ वर्षं लागतात. आजोबांनी लावलेलं आगर नातवाच्या डोळ्यांसमोर एका दुपारी गेलं. पडलेले माड उचलायलाही माणूस नव्हता, कारण तरुण सगळे शहरात. तेव्हाही वाडी-वाडीनं माणसं वाटून घेतली आणि आधी म्हाताऱ्या-कोताऱ्यांची घरं झाकली.

*

पलीकडचा

त्या दिवशी आम्ही घरातच होतो. साडेबाराच्या सुमारास वाऱ्याचा आवाज बदलला, तो अजून कानात आहे. आमची श्रीवर्धनची रोठा सुपारी किती नावाजलेली, पण त्या पावसाळ्यात वाडीत उभं झाड शोधावं लागत होतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाहिली. जिथे सुरू आणि कांदळवन दाट होतं, तिथे मागच्या घरांचं नुकसान कमी झालं. आता कुणी कांदळ तोडायला निघालं तर म्हातारे स्वतः आडवे येतात.

*

पाऊसपाणी

सड्यावरची ताई, तुमचं म्हणणं पटलं. ‘जत्रा’ मी घाईनं लिहिलं, पण काळजी खरी आहे. खाडीवर पूल होणार आहे ना? मग काय होईल?

*

मास्तर_मंडणगड

पुलाचं सांगतो. या मुखाशी पुलाचं काम पूर्वी सुरू होऊन थांबलं. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या नव्या आखणीत खाडीवरचा पूल पुन्हा आला आहे.

आम्हाला पूल हवा आहे, हे आधी स्पष्ट लिहितो. बाळंतीण अडली की रात्री फेरी नसते. मोठ्या दवाखान्यासाठी माणगाव-महाड नाहीतर दापोली गाठावं लागतं. कॉलेजच्या पोरांचा अर्धा दिवस प्रवासात जातो. शहरातून येणाऱ्यांना ‘जुनं तेच छान’ वाटतं, पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ याच सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि शोधकार्य थेट खाडीच्या मुखापर्यंत चाललं, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. रस्ता, पूल, दवाखाना यांवर आमचा हक्क आहे.

प्रश्न त्यानंतर काय, हा आहे. मुंबईची गाडी चार-पाच तासांत दारात आली की जमिनीचे भाव चढणार. आत्ताच सड्यावर कुंपणं दिसायला लागली आहेत. विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. ज्याची मुलं मुंबईत, आगर वादळात गेलेलं आणि गुडघे दुखतात, तो काय करणार?

*

लालबागकर

मास्तर, बरोबर बोललात. आमच्या वाडीत सामाईक जागा होती, गुरांची. भावकीत बावीस नावं सातबाऱ्यावर, निम्मी माणसं हयात नाहीत. शेवटी एकानं सही दिली, मग दुसऱ्यानं. कुणी कुणाला विचारलं नाही. पूर्वी कौल बदलायला गाव बसायचा.

*

शिंपला

कासवांच्या बाजूनं एवढंच. रस्ता किनाऱ्यापासून किती आत जातो, यावर सगळं आहे. गाड्यांचे आणि खांबांवरचे दिवे वाळूवर पडले तर मादी अर्ध्यातून परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालत सुटतात. सुरूबन आणि कांदळवनाचा पट्टा तसाच ठेवला, किनाऱ्याकडच्या बाजूला दिवे लावलेच नाहीत किंवा खाली वळवून मंद ठेवले, तर पूल आणि कासवं दोन्ही नांदू शकतात. दिव्याचं तोंड कुठे असावं हे ग्रामसभेत ठरवता येतं. त्याला मोठा निधी लागत नाही.

*

सड्यावरची

चर्चा इतकी पुढे गेली याचा आनंद आहे. माझं म्हणणं मांडते.

वेळास वाचवायचं म्हणजे ते आहे तसं गोठवायचं, असं मला म्हणायचं नाही. हे गाव कधीच एका जागी थांबलेलं नव्हतं. भानू घाट चढून गेले, सैनिक पलटणीत गेले, गिरणी कामगार लालबागला गेले, अंडी काढणारे राखणदार झाले. पण दर वेळी बदल झाला तेव्हा गाव बसलं, बोललं आणि वाटून घेतलं. काका सांगतात तसं न विचारता सही होणं, हे मला वादळापेक्षा मोठं संकट वाटतं. पूल यायच्या आधी गावानं तीन गोष्टी ग्रामसभेत लिहून घ्याव्यात असं मला वाटतं: एका दिवशी किती पाहुणे, किनाऱ्याच्या बाजूला कुठपर्यंत बांधकाम नाही, आणि दिवे कसे. या महिन्यात जातेय तेव्हा नात्यातल्या दोघी-तिघींशी बोलणार आहे. बचतगटातल्या बायकांनी विषय काढला तर तो टाळता येणार नाही.

दुसरं, काका. बोटीच्या, पडावाच्या आणि गावकीच्या खोलीच्या आठवणी लिहून ठेवणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. तुम्ही बोला, मी टंकते. फोन करायला चालेल अशी वेळ व्यक्तिगत निरोपात कळवा.

*

लालबागकर

कळवतो. दुपारी तीननंतर कधीही. खोलीच्या हिशेबाची एक वही माझ्याकडे अजून आहे, १९७४ पासूनची. तीही दाखवतो. कुणी किती वर्गणी दिली, कोणाच्या आजारपणाला किती गेले, देवळाच्या कौलांना किती, सगळं आहे त्यात.

*

दर्यावर्दी

काका, त्या वहीची पानं नीट उजेडात छायाचित्रं काढून ठेवा, आधी तेवढंच करा. अशा वह्या मिळत नाहीत. मुंबईत असाल तर मी येऊन मदत करतो.